प्रबंधाची कसोटी आणि निपाणीची परिषद

कोल्हापूरहून पुणे-बंगळूर रस्त्याने दक्षिणेकडे निघाले, की कागल मागे पडल्यावर थोड्याच वेळात निपाणी लागते. तंबाखूच्या वखारींचे आणि विडीच्या धंद्याचे हे गाव. आगगाडी ह्या गावाला कधी आली नाही. जे आले ते रस्त्यानेच आले, आणि ह्या रस्त्याने माल जसा आला तसे विचारही आले. १९२५ साली हे गाव मुंबई इलाख्यातील बेळगाव जिल्ह्यात, चिकोडी तालुक्यात मोडत होते. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२४ च्या डिसेंबरात, बेळगाव येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले होते. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, एप्रिल १९२५ मध्ये, निपाणीत दुसरी एक सभा भरली. तिचा मंडप लहान होता, पण तिचा प्रश्न लहान नव्हता. ती मुंबई इलाख्यातील बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद होती, आणि तिचे अध्यक्ष होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

अध्यक्षांच्या वयाला तेव्हा चौतीस वर्षे पुरी होण्यास थोडेच दिवस उरले होते. लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. ही पदवी मिळून दीड वर्षही झाले नव्हते. लोक त्यांना डॉक्टर म्हणत, ते ह्या पदवीमुळे यथार्थच होते. परंतु एक गोष्ट निपाणीच्या मंडपात बसलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असणे शक्य होते. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या पीएच.डी. पदवीसाठी त्यांनी केलेल्या कामाला तोवर जवळजवळ नऊ वर्षे लोटली होती, आणि ती पदवी अद्याप त्यांच्या हाती आलेली नव्हती. निपाणीच्या व्यासपीठावर उभा असलेला हा पंडित कोलंबियाच्या दप्तरात त्या दिवशी अजून उमेदवारच होता. ती पदवी रीतसर मिळाली ती जून १९२७ मध्ये.

ह्या विलंबाची हकीकत ही केवळ एका पदवीची हकीकत नाही. विद्वान आपला सिद्धान्त परीक्षकांपुढे उभा करण्यासाठी कशी तयारी करतो, ती तयारी कोठे होते, तिला काय किंमत पडते आणि ती पुढे कोणाच्या उपयोगी पडते, ह्या सर्व प्रश्नांची उत्तरे तीत मिळतात.

प्रबंधाला पाश्चात्य भाषांत जो ‘थीसिस’ हा शब्द आहे तो मूळचा ग्रीक आहे, आणि त्याचा अर्थ आपल्या ‘मांडणी’ ह्या शब्दाच्या फार जवळचा आहे. एखादे विधान चारचौघांसमोर मांडावयाचे आणि त्यावर येणारे आक्षेप झेलून ते टिकवून दाखवावयाचे, ही मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांची रीत होती. आपल्याकडे न्यायशास्त्राने ह्याच व्यवहाराचे अधिक बारीक पृथक्करण केले आहे. सत्य जाणण्याच्या इच्छेने होते ती चर्चा म्हणजे वाद. केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष काहीच न मांडता दुसऱ्याचा पक्ष खोडून काढणे म्हणजे वितंडा. शास्त्रीय ग्रंथांची रचनाही ह्याच शिस्तीने होते. आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे. मग त्याचे खंडन. आणि शेवटी सिद्धान्त. पूर्वपक्ष जितका प्रामाणिकपणे व समर्थपणे मांडला जाईल तितका सिद्धान्त भक्कम, हे आपल्या शास्त्रकारांना पक्के ठाऊक होते. पीएच.डी.च्या उमेदवाराची मौखिक परीक्षा ही मूलतः हीच गोष्ट आहे. परीक्षकाने वाद करावा, वितंडा करू नये. आणि उमेदवाराने पूर्वपक्ष परीक्षकापेक्षाही चांगला जाणून यावे.

महाराष्ट्राला ही पदवी अगदीच अपरिचित नव्हती. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून १९११ साली ती मिळवली होती. इंग्लंडातील विद्यापीठांत मात्र पीएच.डी.ची प्रथा त्या काळी नव्हती. ऑक्सफर्डने ह्या धर्तीची पदवी सुरू केली ती १९१७ साली. संशोधनाची पदवी हवी असणारा विद्यार्थी जर्मनीला जाई, नाहीतर अमेरिकेला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी देऊन भीमराव आंबेडकरांना १९१३ साली न्यूयॉर्कला धाडले, तेव्हा एका महार सुभेदाराचा मुलगा जगातील एका अग्रगण्य विद्यापीठात अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र आणि तत्त्वज्ञान ह्या विषयांच्या अभ्यासाला बसला.

१९१५ साली त्यांना एम.ए. मिळाली. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर ह्या मानववंशशास्त्रज्ञाच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर आपला प्रसिद्ध निबंध वाचला. त्याच सुमारास भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा ऐतिहासिक व विश्लेषणात्मक अभ्यास करणारा प्रबंध त्यांनी कोलंबियाला सादर केला. सार्वजनिक वित्तव्यवहाराचे थोर अभ्यासक प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे त्यांचे गुरू. प्रबंध मान्य झाला. मग पदवी का मिळाली नाही? कारण कोलंबियाचा नियम असा होता, की प्रबंध छापून त्याच्या ठराविक प्रती विद्यापीठाला दिल्याखेरीज पदवीचा अधिकृत प्रदान होत नसे. ह्या नियमामागील हेतू चांगला होता. नवे ज्ञान चार परीक्षकांच्या कपाटात न राहता ते सर्वांच्या हाती जावे आणि सर्वांनी त्याची परीक्षा करावी, असा तो हेतू. परंतु पुस्तक छापावयाचे म्हणजे पैसा हवा. श्रीमंताच्या मुलाला जो नियम केवळ उपचार वाटावा, तोच नियम गरिबाच्या मुलापुढे दहा वर्षांची भिंत होऊन उभा राहिला.

न्यूयॉर्कहून ते १९१६ साली लंडनला गेले आणि तेथील अर्थशास्त्राच्या विद्यालयात व ग्रेज इन ह्या कायद्याच्या संस्थेत त्यांनी नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली, एवढाच काय तो दिलासा. महायुद्धाचा काळ होता. ज्या बोटीने त्यांचे सामान येत होते ती पाणतिराच्या तडाख्याने बुडाली आणि त्यांची पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. बडोद्याच्या नोकरीत काय वाट्याला आले हे सर्वश्रुत आहे. राहावयास घर मिळेना. पारशी पथिकाश्रमात आसरा घेतला तर जात कळताच तेथूनही बाहेर पडावे लागले. जगाच्या दुसऱ्या टोकाला ज्याचा प्रबंध विद्वानांनी मान्य केला होता, त्याला आपल्याच देशात रात्रीच्या निवाऱ्यासाठी जागा सापडली नाही.

नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी अर्थशास्त्र शिकवले आणि त्या पगारातून पै-पै शिल्लक टाकली. ह्याच मार्च महिन्यात ते प्रथम ह्या दक्षिणेकडील मुलखात जाहीरपणे पुढे आले. कोल्हापूर संस्थानातील कागल जहागिरीत माणगाव येथे २१ व २२ मार्च रोजी बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते आंबेडकर, आणि छत्रपती शाहू महाराज स्वतः तेथे उपस्थित राहिले. निपाणीपासून हे गाव फार लांब नाही. पुढे पाच वर्षांनी निपाणीला जी परिषद भरली तिची पायवाट माणगावहूनच निघाली होती. १९२० च्या जुलैत आंबेडकर पुन्हा लंडनला निघाले ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना ह्या पारशी मित्राने दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज ह्यांच्या बळावर.

लंडनमधील ह्या वास्तव्यातच प्रबंधाच्या तयारीचे खरे स्वरूप दिसते. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, इंडिया ऑफिसचे ग्रंथालय आणि विद्यापीठाचे ग्रंथालय ही त्यांची तीन तीर्थे. जेवणाखाण्यात काटकसर करावयाची आणि वाचलेला पैसा पुस्तकांवर खर्च करावयाचा, असा त्यांचा क्रम होता. १९२१ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील साम्राज्याच्या अर्थकारणाचे प्रांतिक विकेंद्रीकरण ह्या विषयावरील प्रबंधाला एम.एस्सी. पदवी मिळाली. त्यानंतर त्यांनी डी.एस्सी.साठी जो विषय घेतला तो होता रुपयाचा प्रश्न.

विषय वरवर पाहता रुक्ष आहे, परंतु तो समजून घेतल्याशिवाय ह्या परीक्षेचे मर्म कळणार नाही. कंपनी सरकारने १८३५ साली चांदीचा एकच रुपया देशभर चालू केला. १८७३ नंतर जगात चांदीचा भाव घसरू लागला, तसा सोन्याच्या नाण्याच्या तुलनेत रुपयाही घसरू लागला. तेव्हा १८९३ साली सरकारने लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे बंद केले आणि कालांतराने रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स असा बांधून ठेवला. देशात सोन्याचे नाणे फिरत नाही, पण परदेशी देण्याघेण्यासाठी रुपया सोन्याच्या भावाशी जखडलेला आहे, अशी ही व्यवस्था होती. तिला सुवर्ण-विनिमय परिमाण म्हणतात. जॉन मेनार्ड केन्स ह्या तरुण अर्थशास्त्रज्ञाने १९१३ साली हिंदुस्थानच्या चलनावर ग्रंथ लिहून ह्या पद्धतीची वाखाणणी केली होती. केन्स हे इंडिया ऑफिसात काम केलेले, आणि चलनविषयक राजकीय आयोगाचे सभासद होऊन गेलेले. म्हणजे पूर्वपक्ष समर्थ होता आणि त्याच्यामागे सरकारी अधिकारही होता.

आंबेडकरांनी ह्या पूर्वपक्षाला टाळले नाही. तो पुरतेपणी मांडला आणि मग त्यावर घाव घातला. विनिमयाचा दर स्थिर राहिला म्हणजे रुपया स्थिर राहिला, हे गृहीतच चुकीचे आहे, असे त्यांचे म्हणणे. बाजारात त्या रुपयाला धान्य किती येते, कापड किती येते, ह्यावर त्याची खरी किंमत ठरते. किती रुपये पाडावयाचे हे सरकारच्या मर्जीवर सोडले, की चलन फुगते, भाव चढतात, आणि ज्याची मिळकत बांधलेली आहे त्या गरिबाचे कंबरडे मोडते. म्हणून रुपये पाडणे कायमचे बंद करावे, सोन्याचे नाणे चालू करावे आणि सरकारच्या हाती ही मोकळीक ठेवू नये, असा त्यांचा सिद्धान्त होता. आज सोन्याच्या नाण्याचा आग्रह कोणी धरणार नाही. पण चलनाची किंमत सामान्य माणसाच्या खरेदीच्या पिशवीत मोजावी, हे त्यांचे सूत्र जुने झालेले नाही.

प्रबंध सादर झाला आणि तो नामंजूर झाला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो आहे त्या स्वरूपात स्वीकारला नाही. तो पुन्हा लिहून सादर करावा असे ठरले. ह्या घटनेविषयी चरित्रग्रंथांतून एक समज रूढ आहे, की साम्राज्याच्या धोरणावरील जहाल टीका इंग्रज परीक्षकांना झोंबली आणि म्हणून त्यांनी अडवणूक केली. लंडनच्या त्या विद्यालयाने आपले दप्तर पुढे तपासले, तेव्हा विद्यार्थ्याच्या कागदपत्रांत असे राजकीय कारण नोंदलेले आढळले नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे दोन्ही गोष्टी शेजारी ठेवाव्यात. टीका जहाल होती हे खरे. कागदांत कारण सापडत नाही हेही खरे. कागद गप्प असतात तेथे आपल्या मनातील कारण त्यांच्या तोंडी घालणे, ही गोष्ट स्वतः आंबेडकरांनाही रुचली नसती, कारण त्यांचा सारा प्रबंध सरकारी अहवाल आणि आकडे ह्यांच्या काटेकोर वाचनावर उभा होता.

खरा प्रश्न नकाराच्या कारणाचा नाही, नकारानंतर त्यांनी काय केले ह्याचा आहे. हाती पैसा संपला होता. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले. कुटुंब परळच्या चाळीत राहात होते. वकिलीची सनद घेऊन उच्च न्यायालयात उभे राहावयाचे, पण अस्पृश्य बॅरिस्टरला अशिले कोठून मिळणार? अशा दिवसांत त्यांनी तो प्रबंध पुन्हा हाती घेतला, नव्याने लिहून काढला आणि ऑगस्टमध्ये लंडनला परत पाठवला. निष्कर्ष मात्र त्यांनी सोडले नाहीत. नोव्हेंबर १९२३ मध्ये तो मान्य झाला आणि डिसेंबरची प्रस्तावना घेऊन लंडनच्या पी. एस. किंग आणि मंडळींनी तो ग्रंथरूपाने लगोलग प्रसिद्ध केला. त्यांचे गुरू प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्याला प्रास्ताविक लिहिले. त्यात त्यांनी शिष्याच्या अनेक मतांशी आपण सहमत नसल्याचे मोकळेपणाने सांगितले आणि तरीही त्याच्या विचारांतील ताजेपणाचे कौतुक केले. गुरू-शिष्यांच्या नात्याचा ह्याहून सुंदर दाखला क्वचितच सापडेल. मत न पटताही मांडणीचे मोल ओळखणे, ह्यालाच न्यायशास्त्र वाद म्हणते.

प्रबंध पुन्हा लिहिणे हे अपमानाचे काम वाटते. परंतु प्रबंधाच्या तयारीचा गाभा ह्या पुनर्लेखनातच असतो. पहिल्या लेखनात लेखक स्वतःला पटवीत असतो. दुसऱ्या लेखनात त्याला न पटलेल्या माणसाला पटवावयाचे असते. म्हणून प्रत्येक वाक्याला पुरावा द्यावा लागतो, प्रत्येक विशेषण तपासावे लागते, आणि आक्षेपक कोठे बोट ठेवील ते आधीच हेरावे लागते. शब्द मवाळ झाला तरी चालेल, सिद्धान्त मवाळ होता कामा नये, हे तारतम्य ज्याला साधले तो परीक्षेला तयार झाला.

आता १९२५ सालाकडे पुन्हा वळले म्हणजे त्या वर्षाचे महत्त्व ध्यानात येते. ह्या एका वर्षात डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यातील तीन धागे एकत्र आले. पहिला धागा कोलंबियाचा. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची उत्क्रांती सांगणारा त्यांचा ग्रंथ ह्या वर्षी लंडनला छापून निघाला. त्याच्या उपशीर्षकात लंडनच्या एम.एस्सी. प्रबंधाचे नाव होते, प्रस्तावना न्यूयॉर्कच्या सेलिग्मन यांची होती आणि अर्पणपत्रिका सयाजीराव महाराजांना होती. १८३३ साली सर्व खजिना मध्यवर्ती सरकारच्या हाती गेला तेथपासून, १८७१ मध्ये लॉर्ड मेयो यांनी प्रांतांना ठराविक रकमा नेमून देण्याची पद्धत सुरू केली, पुढे काही उत्पन्ने नेमून दिली, आणि १८८२ पासून उत्पन्नाची वाटणी सुरू झाली, तेथून १९२१ पर्यंतचा सारा पट त्यात उलगडला आहे. म्हणजे १९१६ च्या कामाला दरम्यानच्या वर्षांनी वाढवले होते, पिकवले होते. ह्या छापील ग्रंथाच्या प्रती कोलंबियाला पोचल्या आणि १९२७ साली पीएच.डी.चे दार उघडले.

दुसरा धागा निपाणीचा. जुलै १९२४ मध्ये मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली होती. शिक्षणाचा प्रसार, त्यासाठी वसतिगृहे आणि वाचनालये, आणि बहिष्कृत वर्गाच्या गाऱ्हाण्यांना वाचा फोडणे हे तिचे हेतू होते. जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला तिचे वसतिगृह सुरू झाले. एप्रिलमध्ये निपाणीची परिषद भरली, ती ह्या चळवळीच्या अगदी पहिल्या पावलांपैकी एक होय. बेळगाव जिल्ह्यातील आणि आसपासच्या संस्थानांतील मंडळींना ह्या सभेमुळे आपले गाऱ्हाणे इलाख्याच्या पातळीवर नेण्याची वाट सापडली. निपाणीचे बळवंतराव वराळे ह्यांच्यासारखे ह्या भागातील तरुण पुढे डॉ. आंबेडकरांचे जन्मभराचे सांगाती झाले. धारवाडला दलित विद्यार्थ्यांसाठी जे वसतिगृह चालले त्याची जबाबदारी वराळे यांनी सांभाळली, आणि आपल्या आठवणी ग्रंथरूपाने मराठीत लिहून ठेवल्या.

तिसरा धागा डिसेंबरचा. हिंदुस्थानच्या चलनाचा विचार करण्यासाठी हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेला राजकीय आयोग ह्या देशात आला होता, आणि १५ डिसेंबर १९२५ रोजी त्याच्यापुढे डॉ. आंबेडकरांची साक्ष झाली. प्रबंधाची खरी मौखिक परीक्षा कोणती म्हणावयाची असेल तर ती हीच. समोर विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते. ज्यांच्या शिफारशीवर रुपयाचे भवितव्य ठरणार होते अशी माणसे होती. त्यांनी लेखी निवेदन दिले आणि नंतर प्रश्नांची उत्तरे दिली. सोन्याचे नाणे हवे, रुपये पाडण्यावर कायमचा लगाम हवा, हा आपला सिद्धान्त त्यांनी तेथेही सोडला नाही. आयोगाने १९२६ साली दिलेल्या अहवालात सोन्याच्या नाण्याची कल्पना स्वीकारली नाही. रुपयाला एक शिलिंग सहा पेन्स हा दर आणि देशासाठी एक मध्यवर्ती बँक ह्यांची शिफारस केली. ती बँक, म्हणजे रिझर्व्ह बँक, १ एप्रिल १९३५ रोजी अस्तित्वात आली. त्या बँकेचे सारे श्रेय एका साक्षीला देणे हे अतिव्याप्त होईल. तरीही एवढे निश्चित, की ज्या प्रश्नावर देशातील व्यापारी, सराफ आणि सरकारी अधिकारी बोलत होते, त्या प्रश्नावर एक बहिष्कृत मानलेला माणूस केवळ अभ्यासाच्या अधिकाराने बोलला, आणि त्याचे बोलणे नोंदले गेले.

निपाणीचा एप्रिल आणि आयोगाचा डिसेंबर, ह्या दोन सभांत वरवर काहीच साम्य नाही. एकीकडे रुपयाच्या धातूची चर्चा, दुसरीकडे पाणवठ्याची आणि शाळेच्या दाराची. परंतु बारकाईने पाहिले तर दोन्हीकडे एकच शिस्त आहे. डॉ. आंबेडकरांनी ही शिस्त आधी साउथबरो समितीपुढे १९१९ साली वापरली होती, आणि पुढे १९२८ साली सायमन आयोगापुढे वापरली. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पुरते जाणून घ्यावयाचे. आपले गाऱ्हाणे केवळ हुंदक्याने न मांडता पुराव्याने मांडावयाचे. मागणी नेमकी करावयाची. आणि उलटतपासणीत ती टिकवावयाची. प्रबंधाच्या मेजावर मिळवलेले हे शस्त्र त्यांनी ज्यांना कोणी कधी परीक्षेलाही बसू दिले नव्हते त्यांच्या कामी लावले. रूढी ही हजारो वर्षांची परीक्षक होती. ती प्रश्न विचारीत नसे, निकाल मात्र देत असे. तिला प्रश्न विचारण्याचे काम ह्या परिषदांनी सुरू केले.

त्या काळच्या निपाणीतील मुलाला उच्च शिक्षण किती दूर होते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. १९२५ साली बेळगावात कॉलेज नव्हते. लिंगराज कॉलेज निघाले ते १९३३ साली आणि राणी पार्वतीदेवी कॉलेज १९४५ साली. पदवीसाठी कोल्हापूरचे राजाराम कॉलेज गाठावे, नाहीतर धारवाडचे कर्नाटक कॉलेज. विद्यापीठ म्हणाल तर मुंबईचे. कर्नाटक विद्यापीठ १९४९ साली, शिवाजी विद्यापीठ १९६२ साली आणि बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली झाले. मध्यंतरी १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव-निपाणीचा प्रदेश तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. सीमेच्या त्या प्रश्नाने ह्या भागातील मराठी माणसाच्या मनात जी सल ठेवली ती सर्वांना ठाऊक आहे. विद्येचा व्यवहार मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना चालू राहिला. निपाणीच्या अगदी शिवेला लागून, पण महाराष्ट्राच्या हद्दीत, अर्जुननगर येथे देवचंद कॉलेज उभे राहिले. ते शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे, आणि निपाणीची मुले राज्याची सीमा ओलांडून तेथे शिकावयास जातात.

आज ह्या परिसरातील विद्यार्थी पीएच.डी.साठी नोंदणी करतो तेव्हा त्याच्यापुढील वाट पुष्कळ सुकर झालेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रबंध बाहेरील दोन परीक्षकांकडे जातो. त्यांचे अहवाल अनुकूल आल्यावर खुली मौखिक परीक्षा होते. तीत मार्गदर्शक आणि बाहेरील परीक्षकांपैकी किमान एक जण असतो, आणि विभागातील शिक्षक, संशोधक व विद्यार्थी यांना ती ऐकता येते. पुस्तक छापल्याखेरीज पदवी नाही, असा नियम आता आड येत नाही. तरी काही अडचणी जुन्याच आहेत. ज्याच्या घरात पूर्वी कोणी शाळेची पायरी चढले नाही, त्याला परीक्षकांच्या भारदस्त मेजासमोर बसताना आपल्या बोलीची, आपल्या गावाची, आपल्या जातीची लाज वाटावी अशी परिस्थिती पुरती नाहीशी झालेली नाही. सीमाभागातील मुलाला आणखी एक ओझे असते. घरची भाषा एक, कार्यालयाची दुसरी आणि ग्रंथांची तिसरी. तिन्हींत विचार करावयाचा आणि एकीत उत्तर द्यावयाचे.

अशा विद्यार्थ्याला डॉ. आंबेडकरांच्या ह्या दशकातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते केवळ स्फूर्तीपुरते नाही. आपल्या विषयातील सर्वांत बलवान विरोधक कोण, हे आधी ओळखावे आणि त्याचे म्हणणे त्याच्याहून स्वच्छ शब्दांत मांडता येईल इतके आत्मसात करावे. कोणता निष्कर्ष पुराव्यावर उभा आहे आणि कोणता केवळ आपल्या इच्छेवर, ह्याची रेघ स्वतःशी ओढून ठेवावी. पुन्हा लिहावे लागले तर त्याला पराभव मानू नये; पण पुन्हा लिहिताना सोपे जावे म्हणून निष्कर्षही विकू नये. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणण्याचे धैर्य ठेवावे, कारण परीक्षक अज्ञान क्षमा करतो, सोंग क्षमा करीत नाही. आणि मदत घेण्यात कमीपणा मानू नये. एका महाराजांची शिष्यवृत्ती, दुसऱ्या महाराजांचे साहाय्य आणि एका मित्राचे कर्ज ह्यांशिवाय हे दोन्ही ग्रंथ उभे राहिले नसते, आणि ते ऋण त्यांनी लपवले नाही; त्यातील एक तर ग्रंथाच्या पहिल्याच पानावर नोंदले.

एप्रिल १९२५ मधील त्या परिषदेला शंभर वर्षे पुरी झाली. ज्या अध्यक्षांच्या एका पदवीचे काम तेव्हा अपुरे होते, त्यांनी पुढे देशाच्या घटनेचा मसुदा संविधानसभेपुढे कलमागून कलम मांडला आणि प्रत्येक आक्षेपाला उत्तर देत तो पार नेला. ते काम ज्या शिस्तीने झाले ती शिस्त न्यूयॉर्क आणि लंडनच्या ग्रंथालयांत शिकलेली होती, नकारात तावून निघाली होती, आणि तिचा लोकांसाठी वापर करण्याची सुरुवात माणगाव आणि निपाणी ह्यांसारख्या गावांतून झाली होती. निपाणीच्या रस्त्याने आज जी मुले पुस्तकांची पिशवी घेऊन धारवाडला, कोल्हापूरला, बेळगावला जातात, त्यांच्यापैकी एखादे परीक्षकांसमोर उभे राहील, तेव्हा त्या मुलाने एवढेच आठवावे, की ह्याच गावात एकदा एक उमेदवार उभा राहिला होता, आणि त्याची एक पदवी अजून हाती यावयाची होती.